भुयारी गटार आणि नवी जलवाहिनी : कॉलनीतल्या हरकतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शहरांत एकच क्रम दिसतो. गल्लीत जेसीबी उभा राहतो, मक्तेदाराची माणसं चुन्याची रेघ मारतात आणि मग लोक विचारू लागतात: हे ठरवलं कुणी, खर्च किती, खड्डा आमच्याच दारात का? तोवर सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश होऊन गेलेले असतात. या टप्प्यावर "प्रकल्पच नको" म्हणून सहसा काही हाती लागत नाही. मात्र "अमुक चेंबरची पातळी चुकली आहे" ही हरकत चर उघडा असेपर्यंत काम थांबवू शकते. पाईपवर माती पडली की तीच गोष्ट सिद्ध करायला पुन्हा खोदावं लागतं. खालची उत्तरं हा फरक लक्षात ठेवून लिहिली आहेत.

पाईप तर वीतभर जाडीचा. मग खर्च कोटींच्या घरात कसा जातो?

पैसा जातो खोलीत. भुयारी गटार उतारावर वाहते, तिला आतून ढकलणारा दाब नसतो. १५० मिमी पाईपला साधारण १७० ला १ उतार लागतो. म्हणजे १७० मीटर पुढे गेलं की तळ एक मीटर खाली. गल्ली ३०० मीटर लांब आणि सपाट असेल, सुरुवातीला पाईप एक मीटर खोल ठेवला, तर शेवटाला तो पावणेतीन मीटरवर पोहोचतो. रावेर-यावल-चोपडा भागात तापीकाठच्या गाळात एवढी खोली मातीतच मिळू शकते. बाकी बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग बेसाल्टचा पाषाण. तिथे बकेट चालत नाही, ब्रेकर लावावा लागतो. त्याच्या पुढे रस्ता पूर्ववत करणं, सखल भागातलं उपसा केंद्र आणि मलशुद्धीकरण केंद्र हे खर्च आहेतच.

लक्ष ठेवायची जागाही हीच. खोदाईची मोजमापं माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशा वर्गांत लिहिली जातात आणि कठीण खडकाचा दर मातीच्या कितीतरी पट असतो. दीड मीटरपर्यंत मुरूम आणि खाली अर्धा मीटर खडक लागला असेल, तर मोजमाप पुस्तिकेतही तसंच यायला हवं. प्रत्येक चेंबरच्या खड्ड्यात मीटर टेप सोडून, थर स्पष्ट दिसतील असा फोटो काढा. फोटोत तारीख आणि चेंबर क्रमांक हवाच. प्रकल्पाच्या एकूण आकड्यावर सभेत तास घालवण्यापेक्षा या एका रकान्यावर नजर ठेवली तर गावाचा पैसा जास्त वाचतो, असं आमचं ठाम मत आहे.

केंद्र सरकार पैसे देतंय म्हणतात. मग आमच्याकडून कसली वसुली?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या जातात.

पहिली गोष्ट बांधकामाचा खर्च. अमृत २.० ही शहरांतल्या पाणी-गटारींसाठीची केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. तिच्यात १ लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांना मंजूर प्रकल्पाच्या ५० टक्के, १ ते १० लाखांच्या शहरांना एक तृतीयांश केंद्रीय मदत ठरली. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर आणि धुळे पावणेचार लाख होतं, म्हणजे ही दोन्ही शहरं एक तृतीयांशाच्या गटात येतात. उरलेला भाग राज्य आणि स्थानिक संस्था मिळून उचलतात. स्थानिक हिस्सा कुठून येणार, कर्ज काढणार का आणि हप्ता किती वर्षं, हे सभेच्या ठरावात असतं. ठरावाची प्रत मागा.

दुसरी गोष्ट घराची जोडणी: तुमच्या आवारातला पाईप, चेंबर आणि रस्त्यातल्या चेंबरपर्यंतचा तुकडा. यातला रस्त्यातला तुकडा बऱ्याचदा निविदेतच धरलेला असतो. तो धरलेला असूनही घरटी पैसे मागितले जात असतील, तर निविदेतली ती बाब दाखवून लेखी हरकत घ्या. पावतीशिवाय कुणाच्याही हातात रोख देऊ नका.

तिसरी गोष्ट दरवर्षीचा कर: पाणीपट्टी, मलनिःसारण कर, काही ठिकाणी लाभ कर. पंपांचं वीजबिल, शुद्धीकरण केंद्राचे कर्मचारी, क्लोरिन, जेटिंग मशीनचं (दाबाच्या पाण्यानं गटार साफ करणाऱ्या यंत्राचं) डिझेल या कशालाही अमृतचं अनुदान मिळत नाही. ते गावानंच भरायचं असतं. म्हणून मंजुरीच्या वेळी विचारायचा खरा प्रश्न असा: चालवण्याचा वार्षिक खर्च किती धरला आहे आणि त्यासाठी घरटी दर किती ठेवणार? हे उत्तर कागदावर नसेल, तर ती हरकत पक्की आहे.

आमच्या घरांना सेप्टिक टँक आहेत, व्यवस्थित चालतात. भुयारी गटार कशाला?

चालतात म्हणजे काय, ते मागच्या बाजूला जाऊन पाहा. टाकीतून बाहेर पडणारं काळपट पाणी शोषखड्ड्यात मुरायला हवं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून बहुतेक घरांत तो पाईप गुपचूप उघड्या गटारीत सोडलेला असतो. तीच गटार पुढे नाल्यात आणि नाला तापी, गिरणा, पांझरा यांपैकी कुठेतरी. जिथे मुरूम आहे तिथे पाणी मुरतं खरं, पण ते शेजारच्या बोअरपर्यंतही पोहोचतं.

तरीही ही हरकत काही वस्त्यांत योग्य असते. प्लॉट मोठे, घरं विरळ, मुख्य वाहिनी दूर आणि मध्ये नाला असेल, तर टाक्या दोन-तीन वर्षांनी नियमित उपसून गाळ शुद्धीकरण केंद्रावर नेणं स्वस्त पडतं. तेव्हा मागणी नुसत्या नकाराची नको. उपसा गाडी, तिचं वेळापत्रक आणि गाळ टाकायची जागा लेखी मागा.

पाणी चौथ्या दिवशी येतं. गटारीला वाहायला पाणी कुठून आणणार?

सगळ्यांत वजनदार हरकत हीच, आणि सभेत सगळ्यांत कमी मांडली जाते.

आराखड्यात माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात. १२० घरांची कॉलनी, घरात ५ माणसं, म्हणजे ६०० माणसं. त्यांचं सांडपाणी रोज सुमारे ६५ हजार लिटर. सकाळच्या गर्दीला सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला तर सेकंदाला सव्वादोन लिटर. पाईपमधली घाण बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर हवा. आता प्रत्यक्ष पाहा. ड्रम आणि हौदात साठवलेलं पाणी माणसं जपून वापरतात. वापर माणशी ६० लिटरवर आला की प्रवाह निम्म्याहून कमी होतो. गल्लीच्या वरच्या टोकाला, जिथे चार-पाच घरंच जोडलेली असतात, तिथे घाण पुढे सरकतच नाही.

उन्हाळ्यात हे आणखी बिघडतं. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो. साचलेलं सांडपाणी तापतं आणि त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड सुटतो. हा वायू पाईपच्या वरच्या ओलसर भागावर आम्ल बनवून काँक्रीट खातो. चेंबरच्या भिंती काही वर्षांत बोटानं खरवडल्या जाऊ लागतात, त्याचं कारण हेच.

म्हणून मागण्या अशा करा. आधी जलवाहिनी, जलकुंभ आणि पंप पूर्ण करा, घरांच्या शौचालयांच्या जोडण्या नंतर द्या. जोडण्या खालच्या टोकाकडून वर द्या, म्हणजे ज्या भागाला जास्त प्रवाह मिळतो तो आधी सुरू होईल. पाणी रोज येऊ लागेपर्यंत प्रत्येक गल्लीच्या वरच्या चेंबरमध्ये आठवड्याला टँकरनं पाणी सोडायचं वेळापत्रक लेखी द्या. वरच्या टोकाच्या गल्ल्यांत काँक्रीटऐवजी प्लास्टिकचे पाईप वापरा.

आणि पाणी येणार कुठून, हेही विचारा. नवा पाईप पाणी निर्माण करत नाही. जळगावला वाघूर, नंदुरबारला विरचक, भुसावळला तापी. चाळीसगाव-पाचोरा-भडगाव पट्टा गिरणेच्या आवर्तनावर. धरणातलं पिण्याचं आरक्षण वाढलंय का, की तेच पाणी नव्या पाईपमधून येणार? पुष्कळदा धरणात पाणी असतं. अडतं ते जलकुंभाची क्षमता, जुने पंप आणि गळती यांवर. तसं असेल तर रोज पाणी देणं खरोखर शक्य होतं आणि मग प्रकल्पाला पाठिंबा द्यायला हरकत नाही.

मक्तेदार पाण्याचा आणि गटारीचा पाईप एकाच चरात टाकतोय. चालतं का?

नाही. लगेच थांबवा. ही हरकत त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला घ्यायची.

केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीनुसार जलवाहिनी आणि मलवाहिनी यांच्यात आडवं ३ मीटर अंतर हवं. एकमेकींना ओलांडताना जलवाहिनी वर आणि निदान अर्धा मीटर अंतर. कारण आपल्याकडे पाणी सतत चालू नसतं. व्हॉल्व्हमननं पाणी बंद केलं की पाईप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. त्यात कुणी टिल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. सांध्यात केसाएवढी फट असली तरी बाहेरचं घाण पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं आणि मग कावीळ, टायफॉईड, जुलाब.

जुन्या गावातली गल्ली जेमतेम अडीच-तीन मीटर असते, तिथे ३ मीटर अंतर मिळणारच नाही. मग जलवाहिनी गल्लीच्या दुसऱ्या कडेला, उथळ चरात, मलवाहिनीपेक्षा अर्धा मीटर तरी वर घ्यावी. ती वेल्डिंगच्या सांध्यांची एचडीपीई (जाड काळं प्लास्टिक) किंवा डीआय (ओतीव लोखंड) असावी आणि ओलांडणीच्या जागी मलवाहिनीला काँक्रीटचं आवरण द्यावं. घरचा नळजोड गटारीच्या किंवा चेंबरच्या आतून गेलेला दिसला तर तो बाजूला घेतल्याशिवाय चर बुजू देऊ नका. जुन्या वस्त्यांत अशा जोडण्या हमखास सापडतात.

पाणी चालू झाल्यावर शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरिन बघायची चाचणी) करा. क्लोरिन निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं पाहिजे. वरच्या घरात दिसतं आणि शेवटी दिसत नाही, तर मधे कुठेतरी घाण शिरते आहे असं समजून शोध घ्यायला लावा.

काम चालू असताना सामान्य माणसानं काय तपासावं?

अभियंता असायची गरज नाही. दोन माणसं, मीटर टेप, गवंड्याची लेव्हल ट्यूब, आरसा आणि फोन पुरतो. आधी आपल्या गल्लीचा एल-सेक्शन, म्हणजे पाईपचा उभा छेद दाखवणारा नकाशा, मिळवा. त्यावर प्रत्येक चेंबरचा क्रमांक, तळपातळी, पाईपचा व्यास आणि उतार असतो.

पाईपवरचे शिक्के वाचा. पाण्याच्या एचडीपीई पाईपवर आयएस ४९८४, डीआयवर आयएस ८३२९, गटारीच्या दुहेरी भिंतीच्या नालीदार प्लास्टिक पाईपवर आयएस १६०९८, सिमेंटच्या पाईपवर आयएस ४५८ आणि त्यापुढे वर्ग, रस्त्याखाली बहुधा एनपी-३. निविदेत एक आणि ट्रकमधून उतरतं दुसरं, हे उतरतानाच पकडता येतं.

चराचा तळ पाहा. पाईपखाली १० ते १५ सेंमी वाळू किंवा बारीक कच हवी. खडकाच्या टोकावर ठेवलेला पाईप वरून ट्रॅक्टर गेला की तिथेच चेपतो. पाईप खालच्या टोकाकडून वर टाकत यायचे आणि रुंद तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवायचं. नालीदार पाईपची रबर रिंग जागेवर बसली आहे ना, पिळली नाही ना, ते जोडण्याआधी पाहा. जेसीबीच्या बकेटनं पाईप ठोकून बसवला की रिंग हमखास सरकते आणि ते वरून दिसत नाही.

एचडीपीईच्या वेल्डिंगची गोट (सांध्यावर उमटलेली कड) दोन्ही बाजूंना सारखी आणि सलग हवी. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. भर दुपारी तापलेला एचडीपीई पाईप रात्री आकसतो. १०० मीटरला २० अंशांचा फरक पडला तर ३० ते ४० सेंमी. म्हणून पाईप चरात थोडा नागमोडी ठेवावा आणि व्हॉल्व्हला जोडायचं काम सकाळी करावं. दुपारी ताणून जोडलेले सांधेच पुढे निसटतात.

मग सरळपणा. एका चेंबरमध्ये आरशानं ऊन पाईपमध्ये पाडा आणि पुढच्या चेंबरमधून पाहा. पूर्ण गोल दिसला तर पाईप सरळ आहे. अर्धा गोल म्हणजे मधे खोलगट किंवा उंचवटा. पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडून खाली निघतो का, हीही मान्य चाचणी आहे. तो अडला तर आत सिमेंटचा गोळा किंवा दगड आहे. शेवटी वरच्या चेंबरमध्ये गेरू कालवलेल्या दोन-तीन बादल्या ओता. पाणी पुढच्या चेंबरला सलग आलं पाहिजे. निम्मं पाणी मधेच राहिलं तर तिथे पोट पडलं आहे. अशा जागी नंतर दर महिन्याला चोकअप होतो, कितीही साफ करा.

बुजवण्याआधी खालचं टोक बंद करून पाईप आणि चेंबर पाण्यानं भरून गळती बघायची असते. जलवाहिनीची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबानं होते. या दोन्ही चाचण्यांची तारीख विचारा आणि तिथे उभे राहा.

चेंबरमधलं अंतर लहान व्यासाच्या पाईपला ३० मीटरपेक्षा जास्त नको. तळाला अर्धगोल नाली घडवलेली हवी. सपाट तळाच्या चेंबरमध्ये घाण साचते. झाकणावर भार सोसण्याचा वर्ग कोरलेला असतो, हलक्याकडून जडाकडे: एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२०, ईएचडी-३५. केळीच्या गाड्या आणि कापसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यावर एलडी झाकण एका हंगामातच फुटतं. तिथे एचडी-२० तरी मागा.

दोन वर्षांपूर्वी काँक्रीट केलेला रस्ता फोडणार. हा पैसा वाया नाही का?

वायाच आहे. पाईप आधी आणि रस्ता नंतर हा क्रम का पाळला नाही, याचा जाब सभेत जरूर विचारा. पण त्या रागानं पाईप रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारीत उथळ टाकून घेऊ नका. काही ठिकाणी रहिवासीच तसं सुचवतात आणि पुढे पंधरा वर्षं भोगतात.

फोडायचाच तर आधी कटरनं दोन्ही कडा सरळ कापून घ्या. ब्रेकरनं उचकटलेल्या कडा पुढे तडकत जातात. बुजवताना काळ्या मातीची ढेकळं परत टाकू देऊ नका. पाईपच्या वर ३० सेंमीपर्यंत बारीक कच, मग मुरूम १५-२० सेंमीच्या थरांत, पाणी मारून, धुमसून. एकदम सगळं लोटून वरून रोलर फिरवला की पहिल्या पावसात चर बसतो. पक्कं काँक्रीट एक पावसाळा गेल्यावर करणं चांगलं. तोवर खडी-मुरुमाचा तात्पुरता थर आणि धुळीसाठी रोज टँकर. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर बिबडे, पापड वाळत असतात, त्यामुळे टँकरची मागणी किरकोळ समजू नका.

नव्या काँक्रीटची उंची जुन्या रस्त्याइतकीच हवी. थरावर थर चढवून रस्ता ओट्याच्या वर गेला, तर पावसाचं पाणी घरात आणि गटारीचं पाणी न्हाणीत येतं.

जुन्या गावात आमचं धाब्याचं घर आहे. भिंत पडेल का?

धोका खरा आहे. मातीच्या भिंतींचा पाया उथळ असतो आणि चर त्याच्यापेक्षा खोल जातो. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, आधीच्या भेगांसकट, फोटो काढा आणि अभियंत्यासमोर पंचनामा करून घ्या. तिथे ब्रेकर नको. हातानं, तीन ते पाच मीटरच्या तुकड्यांत खोदायचं, पाईप टाकायचा, त्याच दिवशी बुजवायचं, मग पुढचा तुकडा. दीड मीटरपेक्षा खोल चराला दोन्ही बाजूंनी आधार देणं आयएस ३७६४ प्रमाणे आवश्यक आहे, आणि ते आधी चरात उतरणाऱ्या मजुराच्या जिवासाठी. आधार नसलेल्या खोल चरात माणूस उतरलेला दिसला, तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता त्याला वर यायला सांगा.

घराची जोडणी करताना काय चुकतं?

उतार चुकतो. घराच्या ११० मिमी पाईपला सुमारे ५७ ला १, म्हणजे १० मीटरला १७-१८ सेंमी उतार लागतो. संडास मागच्या परसात आणि गटार पुढच्या रस्त्यात असेल, तर २० मीटरला ३५ सेंमी. रस्त्यातल्या चेंबरची तळपातळी एवढी खाली आहे का, हे चेंबर बांधायच्या आधी लेव्हल ट्यूबनं मोजून लेखी कळवा. नंतर "तुमचं घर खाली आहे" असं उत्तर मिळतं आणि त्यावर इलाज राहत नाही. घर खरंच सखल असेल तर आवारातल्या चेंबरमध्ये उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवा.

न्हाणी आणि मोरीचं पाणी गली ट्रॅपमधूनच (आत साठलेल्या पाण्यानं वायू अडवणारी पेटी) जोडा, नाहीतर गटारीचा वायू घरात येतो. जुना सेप्टिक टँक तसाच मधे ठेवून पाईप पुढे जोडू नका. तो उपसून घ्या, चुना टाका, तळ फोडा आणि मुरुमानं भरा. रिकामी टाकी अंगणात राहिली तर कधीतरी तिचा स्लॅब कोसळतो.

गच्चीचं पाणी गटारीला जोडलं तर गटार धुऊन निघेल ना?

असं अजिबात करू नका. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५ हजार लिटर. १२० घरांचे ६ लाख लिटर होतात, म्हणजे त्या कॉलनीच्या रोजच्या सांडपाण्याच्या नऊपट, तेही तास-दोन तासांत. सगळ्यांत सखल घराच्या संडासातून ते वर येतं. एका शेजाऱ्याची ही चूक दुसऱ्याच्या घरात दिसते, म्हणून कॉलनीनंच आपापसांत यावर लक्ष ठेवावं.

मीटर हवेनं फिरतो, बिल वाढतं. मीटरला विरोध करावा का?

पाणी यायच्या आधी पाईपमधली हवा मीटर फिरवते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे जलवाहिनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह. ते आराखड्यात आहेत का आणि बसवले का, ते बघा. रोज पाणी सुरू होईपर्यंत मीटरप्रमाणे बिल नको, ही मागणी रास्त आहे. दाबही मागा: एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर, म्हणजे पाणी आपोआप तेवढं वर चढेल इतका. एवढा दाब मिळाला की टिल्लू पंपांची गरजच उरत नाही.

आमचे प्लॉट गुंठेवारीतले आहेत. आम्हाला जोडणी मिळेल का?

गुंठेवारी अधिनियम २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याचा मार्ग खुला झाला. आराखड्यात तुमची गल्ली रंगवलेली आहे का, ते आधी नकाशावर पाहा. मुख्य वाहिनीचा व्यास ठरवतानाच तुमची घरं धरलेली नसतील, तर नंतर जोडणी मिळूनही गटार भरून वाहील.

चोकअप झाल्यावर माणूस उतरवतात. त्याचं काय?

२०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारीत किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. चेंबरमधला वायू एका श्वासात माणसाला पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच जातो. प्रकल्पात जेटिंग आणि सक्शन मशीन धरली आहे का, किती, आणि ती चालवायला प्रशिक्षित माणसं कोण, हे विचारा. मशीन नसेल तर जोडण्या सुरू करू नका, ही हरकत आम्ही कुठल्याही खर्चाच्या हरकतीपेक्षा वर ठेवू.

हरकत कुठे आणि कशी द्यायची?

नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या आणि महापालिकेत आयुक्तांच्या नावानं, एक प्रत पाणीपुरवठा किंवा बांधकाम अभियंत्याला, आणि काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बघत असेल तर तिथेही. आवक शिक्का घेतल्याशिवाय अर्ज दिला असं धरू नका. एका अर्जात एकच दोष लिहा. नमुना असा:

"प्रभाग क्र. __, __ गल्ली, चेंबर क्र. __ ते __. एल-सेक्शनप्रमाणे तळपातळीतला फरक __ सेंमी हवा, दि. __ रोजी प्रत्यक्षात __ सेंमी आढळला. आरशाच्या चाचणीत पूर्ण गोल दिसत नाही. फोटो जोडले आहेत. संयुक्त पाहणी होईपर्यंत हा भाग बुजवू नये व त्याचं देयक अदा करू नये."

देयकाचं शेवटचं वाक्य विसरू नका. सही-शिक्क्याच्या अर्जात ते आलं की ते देयक पुढे पाठवणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत हवा. म्हणून एल-सेक्शन, मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल यांसाठी वेगवेगळे अर्ज करा. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

काम बंदच पाडलं तर?

अख्खं काम बंद पाडलं की उघडे चर पावसाळ्यात तसेच राहतात, मक्तेदार मुदतवाढ आणि भाववाढ मागतो आणि ती रक्कमही गावाच्याच माथी येते. सदोष तुकडा अडवा, बाकीचं चालू द्या. अपवाद तीन: दोन्ही पाईप एका चरात, आधाराशिवाय खोल चर, आणि शिक्का नसलेले पाईप. या तिन्हींत पूर्ण थांबवणंच बरोबर.

खोदाई कधी करू द्यावी?

पावसाळा उतरल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून. काळी माती ओली असताना चराच्या भिंती ढासळतात आणि धुमस बसत नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, घरं भरलेली असतात. त्या आठवड्यात दारासमोर खड्डा आणि बंद नळ नको. श्रावणात कानबाईची मिरवणूक ज्या रस्त्यानं जाते तो रस्ता त्याआधी बुजलेला आणि बसलेला हवा. हे वेळापत्रक कार्यादेशानंतर लगेच, गल्लीनिहाय आणि लेखी मागा. मे अखेर जिथे पाईप टाकून झाला नसेल तिथे नवा चर उघडू देऊ नका.

रस्ता झाल्यावर चेंबर सापडतच नाहीत. काय करायचं?

नवं काँक्रीट झाकणांवरूनच ओतलेलं असतं. रस्ता करण्याआधी प्रत्येक चेंबरचं दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर मोजून ठेवा, जसं "अमुक विजेच्या खांबापासून ४.२० मीटर, घर क्र. __ च्या फाटकाच्या डाव्या खांबापासून २.८५ मीटर". ही यादी कॉलनीच्या वहीत आणि एक प्रत अभियंत्याकडे द्या. झाकण गाडलं गेलं असेल तर दोष निवारण कालावधी (मक्तेदारानं स्वखर्चानं दोष दुरुस्त करायची मुदत) संपायच्या आत लेखी कळवा, म्हणजे ते वर उचलायचा खर्च मक्तेदाराच्या अनामत रकमेतून होतो. हा कालावधी नेमक्या कोणत्या तारखेला संपतो, ते कार्यादेश आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरून काढून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.